जिनाच्या बंगल्याचं दार कोणी नेलं?

१

चोरानं कुलूप तोडलं नाई. कुलूप, कडी, चौकट, सगळ्यासकट अख्खं दारच घेऊन गेला.

आमी तिघं पायरीखाली उभे होतो. मी, प्रसेनजित अन् त्याची बायको पल्लवी. जिथं परवापर्यंत बर्मा सागाचं दीड माणूस उंच दार होतं, तिथं भिंतीले मोठं भगदाड पडलं होतं. वरच्या कमानीतल्या लाल-हिरव्या काचाही गायब. आतून एक मांजर निघालं, आमच्याकडं पाह्यलं, अन् मालकिणीसारखं पुन्हा आत गेलं.

"चला," मी म्हटलं, "एक भाडेकरू तं भेटला."

कोणी हसलं नाई. मायंच चुकलं. पल्लवीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं अन् ती खाली पाहून राह्यली होती. खाली अंगणात, मातीत, दाराच्या वरची गणेशपट्टी पडली होती. हातभर लाकडाची फळी, मधात कोरलेला गणपती. बाकी सगळं नेलं, तेवढीच टाकली होती.

मायं नाव गोलू. पन्नाशी आली, टक्कल पडलं, तरी गोलूच. वाशीमात घरं दाखवायचा धंदा हाय. प्रसेनजित खिल्लारे पाटबंधारे खात्यात, पल्लवी शाळेत चित्रकला शिकवते. वर्ष झालं, दोघायले जुनं घर पाहिजे. जुनं म्हणजे जुनंच: दार जुनं, फरशी जुनी, खिडक्या जुन्या. लोकं नवीन पाहतात, हे जुनं. इंझोरीतल्या एका घराचे खांब सागाचे म्हणून सांगतले होते. पल्लवीनं नखानं खरडलं तं आतून सिमेंट निघालं. वाशीमात एका घरात फुलाच्या फरशा होत्या. आमी दुसऱ्यांदा गेलो तं मालक त्यावर पांढऱ्या टाइल्स बसवून राह्यला होता, "तुमच्यासाठी चकाचक करतो" म्हणे. अजून एका ठिकाणी सगळं जमलं, मग मालकानं प्रसेनजितचं आडनाव इचारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाले घर विकायचं नव्हतं. त्या माणसाले भाऊच नाई, हे मी नंतर शोधलं.

मग हा बंगला भेटला. किन्हीराजाच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याले लागून. गावाचं नाव सांगत नाई, मले तथी अजून चहा प्याचा हाय. इंग्रजाच्या काळात इथं कापसाचा जिन होता, सरकी वेगळी करायचा कारखाना. जिन कधीच मेला. मालकाचा बंगला तेवढा राह्यला. मालकाचा नातू रामकिसनजी पुण्यात. सोमवारी खरेदी ठरली होती.

प्रसेनजितले फरशी-काचाचं तेवढं नव्हतं. ते पल्लवीचं येड. त्याले दार पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मले सांगतलं होतं, "गोलूभाऊ, मायी आजी चंपाबाई याच गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीतून येऊन या जिनात सरकी वेचे. हप्त्याले मजुरी घ्याले या पायरीखाली उभी राहे. वरून टाकत, ती पदरात झेले. त्या दाराच्या आत काय हाय, ते तिले मरेपर्यंत माईत पडलं नाई. मले त्याच दारातून आत जायचं हाय."

आता दारच नव्हतं.

२

गाव जमा झालं. समोरची तुळसाबाई सगळ्यात पुढं. तिच्या ओट्यावरून बंगला पुरा दिसते, अन् ती ओट्यावरून फक्त जेवाले उठते.

"मी तं आधीच म्हटलं होतं," ती म्हणे. "अजून घरात आले नाई, तं देवाले मातीत घातलं."

"कोणं घातलं, मावशी?"

"त्याच्या बापानं! साऱ्यायनं आयकलं ना. पहिले ते पट्टी उतरव, मग मी आत पाय ठेवीन, असा म्हणे."

हे खरं होतं. प्रसेनजितचा बाप इंद्रभानदादा घर पाहाले आला होता तवा पायरीवरच थांबला अन् तसंच बोलला, चारचौघात. पोरानं समजूत काढली होती, की खरेदी झाली का पट्टी मानानं गावच्या मंदिरात नेऊन देऊ. पण गावानं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं.

गर्दीतून जगदेव आला. बंगल्याच्या मागं त्याचं वावर. चाबी त्याच्याकडंच राहे, रामकिसनजीचा भरोशाचा माणूस. बिचारा पेरणी सोडून धावत आला होता. हरबऱ्याचे दिवस. धोतराले माती, तळहात गुलाबी, जसा कोण्या लग्नातून आला.

"लय वाईट झालं, साहेब," त्यानं प्रसेनजितपुढं हात जोडले. "तुमी घर घ्या, मले तं आनंदच हाय. पण गाव आयकन का आता?"

तेवढ्यात मायाच फोनवर रामकिसनजी. गावातून कोणीतरी त्यायले आधीच कळवलं होतं. "गोलू, दार गेलं त्याचं सोड. देव खाली पडला म्हणतात. सोमवारपर्यंत गाव शांत झालं तं खरेदी. नाई तं मले दुसरं गिऱ्हाईक हाय, लेआऊटवालं. ते बंगला पाडून प्लॉट पाडते. त्याले दाराशी घेणंदेणं नाई."

पल्लवीनं फोन आयकला. ती भगदाडातून आत गेली अन् हॉलच्या फुलाच्या फरशीवर जाऊन बसली, मांजराच्या बाजूले.

पट्टीले कोणी हात लावत नोतं. गावकरी म्हणत, पंचनाम्याशिवाय कसं. प्रसेनजितनं हात लावला असता तं त्याच वेळी भांडण. मले दोन्हीकडची लाज नाई. सगळे तुळसाबाईचं भाषण आयकून राह्यले असतांना मी खाली बसलो, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं (मी चप्पल घालतो, पण कोणी पाह्यलं नाई) अन् पट्टीचं एक टोक उचललं.

खाली मूठभर हरबरा होता. गुलाबी. मुंग्यायची रांग बाजूनं चालली होती, एकही मुंगी दाण्याले तोंड लावत नोती.

मी दोन दाणे खिशात टाकले अन् पट्टी होती तशीच ठेवली. कोणाले सांगतलं नाई.

३

वाशीमात भाऊसिंगचं दुकान हाय. जुनी लाकडं, पितळी कड्या, मोडके झोपाळे. हा त्या दारासाठी तीनदा बंगल्यावर जाऊन आला होता, अन् प्रसेनजितनं इसार दिला तवा मायावर लय खवळला होता. म्हणून पहिले त्याच्याकडं.

"भाऊसिंग," मी दुकानात शिरता शिरता म्हटलं, "पोलीस निघाले आहेत. मी म्हटलं आपण आधी सांगू."

गडी बसल्या जागी पांढरा पडला. मग एका कपाटावर सतरंजी टाकली. मग मायं तोंड पाह्यलं.

"खोटं बोलून राह्यला ना बे?"

"अर्धं. दार कुठं हाय?"

"आईशपथ मायाकडं नाई."

"तूच मांगं लागला होता."

"होतो. पण गोलू, तुले धंदा समजते ना? मी चोरी केली असती तं पहिले काय नेलं असतं?" त्यानं दोन बोटं नाचवली. "गणपती. दाराले गिऱ्हाईक वर्षातून एखादं. गणेशपट्टीले पुण्या-मुंबईचे हॉटेलवाले फोन करून करून जीव खातात. तिले मातीत टाकून लाकूड नेणारा मायासारखा नसते. त्याले विकायचंच नसन."

बोलणं बरोबर होतं. निघतांना मी सतरंजी उचलून कपाट पाह्यलं. त्याच्या सासऱ्याचं होतं, बायकोले न सांगता विकाले आणलेलं. ते गुपित मी पुढच्या वेळेसाठी ठेवून घेतलं.

४

इंद्रभानदादा घरी आरामखुर्चीत होते. समोर बाबासाहेबायचा फोटो, खाली ताजी फुलं.

"जय भीम, दादा."

"जय भीम. तूही हेच इचाराले आला ना, का म्हाताऱ्यानं पट्टी फेकली?"

"दादा, कोणाले चोर म्हणायच्या आधी मी चहा पेतो."

ते हसले नाई, पण चहा सांगतला. सून त्यायच्याशी बोलत नोती. तिले वाटत होतं, यायच्या एका वाक्यानं घर गेलं.

"उतरव म्हटलं होतं मी," दादा म्हणे. "उतरवणं अन् फेकणं एक हाय का? छप्पन साली बापानं घरातले सगळे देव टोपल्यात घातले अन् नदीत सोडले. फेकले नाई, सोडले. माय सांगे. एकदा सोडल्यावर मी आता कायले त्यायच्याशी भांडू? मले फक्त त्यायच्या खालून जायचं नोतं."

"एक सांगा. असा देव कुठं खाली ठेवायची येळ आली, तं कसा ठेवतात?"

"कसा म्हणजे? ठेवा तसा. ठेवाले का शास्त्र लागते?"

मी बशी चाटून खाली ठेवली. हेच पाहिजे होतं.

संध्याकाळी तुळसाबाईच्या ओट्यावर. तिच्याजवळ बसायचं तं आधी काईतरी बातमी द्या लागते. मी सांगतलं, सरपंचाचा जावई पळून गेला. सरपंचाले पोरगीच नाई, पण आनंदात तिच्या ध्यानात आलं नाई.

"मावशी, तुमी गणपती बसवता तवा पाटावर खाली काय ठेवता?"

"तांदूळ. दुसरं काय ठेवते कोणी? देव कोऱ्या जागेवर ठेवते का? गोलू, तूया घरी तुई माय नोती का शिकवाले?"

"अन् घरात तांदूळ नसले तं?"

"गहू. ज्वारी. जे धान्य हातात असन ते. पण मोकळं नाई ठेवत, बापा. पाप लागते."

"दार गेलं त्या दिवशी काय आयकू आलं? चौकट खोदली म्हणजे पहार चालली असन."

"काई नाई. दुपारभर जगदेवचं ट्रॅक्टर. त्याले वावरात जायचा रस्ताच नाई ना, या बंगल्याच्या अंगणातूनच नेते. पायरीपुढं उंच ताडपत्रीची ट्रॉली आडवी लावून नुसतं घुरघुर करत होता, मले दारही दिसे नाई. म्हटलं बिघडलं असन."

मी घरी आलो. खिशातले दोन दाणे पाण्याच्या गिलासात टाकले. पाणी गुलाबी झालं.

आता कोण ते मले समजलं होतं. पण गुलाबी पाणी दाखवून गाव मानत नसते. गावाले त्याच्याच तोंडून आयकवा लागते.

५

इतवारी सकाळी फाट्यावर रामधनच्या चहाच्या हॉटेलात सगळं गाव. जगदेव होता, तुळसाबाई रस्त्यापलीकडून मान लांब करून होती. प्रसेनजित-पल्लवीले मी मुद्दाम बोलावलं होतं, बाहेरच्या बाकावर बसवलं. दादाही आले, पण ऑटोतून उतरले नाई.

मी कपाळाले बुक्का लावून गेलो. तोंड असं केलं, जसा तेरवीहून आलो.

"काय झालं रे गोलू?" रामधन म्हणे.

"काई इचारू नोको. मोठ्या महाराजाकडं जाऊन आलो. सगळं सांगतलं. महाराज रडले."

"रडले?"

"म्हणे, ज्यानं बाप्पाले कोऱ्या भुईवर टाकलं, खाली एक दाणाही न ठेवता, त्याच्या घरी सात वर्ष मांडव पडत नाई. जमलेलं लगनही मोडते."

जगदेवच्या पोरीची, वैजयंतीची, सोयरीक चालू होती. पुढच्या हप्त्यात साखरपुडा. साऱ्या गावाले माईत होतं. कोणी त्याच्याकडं पाह्यलं नाई, कारण कोणाले शंकाच नोती. मी एकटा पाहत होतो. त्यानं कप खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"कोऱ्या भुईवर बाप्पा, रामधन!" मी छाती पिटली. "खाली नुसती माती! कुत्रंसुद्धा असं..."

"कोऱ्या भुईवर कुठं होता?" जगदेव उभाच राह्यला. "खाली दाणे होते ना! तू नीट पाह्यलं का? दाणे होते!"

रामधननं स्टोव्ह बारीक केला.

"कोणते दाणे, जगदेवभाऊ?" मी बुक्का पुसला. "पट्टी तं मायाशिवाय कोणी उचलली नाई. अन् मी कोणाले सांगतलं नाई."

मग मी एकेक सांगतलं, हळू, पोरायले सांगतात तसं. भाऊसिंगनं केलं असतं तं गणपती पहिले गेला असता. दादानं केलं असतं तं खाली दाणे नसते, त्यायले ते ठेवायचं असते हेच माईत नाई. तुळसाबाईच्या घरचे असते तं तांदूळ असते, अन् तिच्यानं पहार उचलत नाई. दाणे होते हरबऱ्याचे, औषध चोळलेले, गुलाबी, मुंगीही खात नाई असे. म्हणजे ज्याच्या हाताशी त्या येळेले फक्त बियाणं होतं. ज्याचं ट्रॅक्टर पहारीचा आवाज दाबाले, अन् ट्रॉलीनं दार झाकाले, दुपारभर अंगणात घुरघुरत होतं. ज्याच्या वावराले रस्ता नाई, अन् बंगला पडला का ज्याचं वावर थेट मोठ्या रस्त्यावर येते, प्लॉट पाडाले तयार. रामकिसनजीचं लेआऊटवालं गिऱ्हाईकही हाच.

"दार नेऊन यायचं मन मोडायचं होतं, अन् देव पाडल्याचं नाव यायच्यावरच टाकायचं होतं तुले," मी म्हटलं. "म्हणून पट्टी मातीत ठेवली. पण हात धजला नाई तुया. टाकता टाकता खाली दाणे ठेवले तू."

जगदेव बाकावर बसला. गुलाबी तळहात मांडीवर पालथे करून ठेवले.

मले सांगाले लाज नाई, त्या घडीले मी इतका खूश होतो का रामधनले म्हटलं, साऱ्यायले चहा मायाकडून.

६

चहा येईपर्यंत खुशी टिकली नाई.

दार जगदेवच्या वावरातल्या टिनाच्या शेडमधात होतं. ट्रॉलीत मावेना म्हणून मधातून करवतलं होतं. कमळाची नक्षी, पितळी फुलं, सगळं आडवं कापलेलं. काचा पोत्यात, चुरा. पल्लवीनं पोत्यात हात घातला अन् प्रसेनजितनं तिचा हात धरून बाहेर काढला.

मी म्हटलं, पोलिसात देऊ. गेलो. त्यायनं नीट आयकून घेतलं. पण दार अजून रामकिसनजीचं होतं, खरेदी झालीच नोती. फिर्याद मालकानं द्या लागते. रामकिसनजी फोनवर म्हणे, "जगदेव घरचा माणूस हाय. मायी काई तक्रार नाई."

परत आलो तं रामधनच्या हॉटेलात वेगळंच चालू होतं.

"काई म्हणा," रामधन गिलास विसळता विसळता सांगून राह्यला होता, "पोरीच्या बापाले घोर असते. अन् पाहा ना, चोरी करतांनाही बाप्पाले मोकळ्या मातीत नाई ठेवलं. दाण्यावर ठेवलं. माणूस वाईट नाई."

"वाईट असता तं दाणे कायले ठेवता?" दुसरा म्हणे.

तुळसाबाई रस्ता ओलांडून आली होती. "मी तं म्हणतो, त्याच्या हातून बाप्पानंच ठेवून घेतले."

मी सांगतलं, अरे, तेच दाणे त्याच्या चोरीचा पुरावा होय ना! त्यायनं मायाकडं असं पाह्यलं, जसा मीच काई चोरलं. ज्या मुठीनं त्याले पकडलं, त्याच मुठीनं त्याले सोडवून नेलं. आयुष्यभर लोकायले मूर्ख बनवत आलो, पण सगळं गाव एका दमात कधी बनवता आलं नाई मले. ते त्यायनं स्वतःच केलं.

सोमवारी खरेदी झाली. जगदेवच्या नावानं. इसार परत आला. त्याच हप्त्यात साखरपुडा झाला. मंगळवारी जेसीबी लागला. पल्लवीले फरशीचा एखादा तुकडा तरी पाहिजे होता म्हणून आमी गेलो. दादा ऑटोतच बसले. जेसीबीवाला म्हणे, फरशी निघत नाई, फुटते. फुटलेल्यातला एक पूर्ण फूल असलेला तुकडा तिनं शोधला, पाह्यला, अन् पुन्हा ढिगावर ठेवून दिला.

जगदेव तिथंच उभा होता. आमाले पाहून पळाला नाई. उलट जवळ आला. तोंडावर खरंच वाईट वाटल्यासारखं.

"साहेब, राग मानू नोका," तो प्रसेनजितले म्हणे. "तुमच्याशी मायी काई दुश्मनी नाई. तुमाले इथं राहायचंच हाय तं प्लॉट घ्या ना. मी सोताहून देतो. गावात कोणी काई म्हणणार नाई, मायी जबाबदारी."

प्रसेनजित ऑटोकडं वळला.

पल्लवीनं इचारलं, "कोणता प्लॉट?"

"ते ना, शेवटले. तिकडं मोकळंही हाय, हवाही लय." जगदेवनं हात लांब केला. वावराच्या टोकाले, नाल्याच्या काठाले, जिथं बाभळी आहेत.

ऑटोत बसलेले दादा त्या हाताच्या टोकाकडं लय वेळ पाहत राह्यले.

"तथीच तं होतो आमी," ते म्हणे.